स्पेलिंग चुकलेला बिल्ला आणि काळ्या कापडावरचा लाल गोळा

प्रश्न: आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते एवढंच घरात माहीत, ते स्वतः कधी काही बोलले नाहीत. आजी गेल्यावर तिच्या पेटीत एक डबी सापडली. त्यात बिगुल आणि मुकुटाचा पितळी बिल्ला आहे, त्यावर इंग्रजीत मराठा लिहिलंय पण स्पेलिंग चुकलंय, एच भलत्याच जागी आणि टी दोनदा. नकली आहे का? शिवाय दोन चांदण्या, सिंहाचं एक गोल मेडल (शौर्याचं असणार ना?) आणि काळ्या कापडाचा तुकडा, त्यावर लाल गोळा. भाऊ म्हणतो हा जपानचा सूर्य, आजोबांनी जपानी सैनिकाकडून काढून आणला असेल. एक चांदणी त्याने घासून चकचकीत पण केलीय. फोटो जोडलाय.

उत्तर: पहिलं म्हणजे भावाला थांबवा, बाकीच्यांना पॉलिश लावू नका. जुनी झाक एकदा गेली की परत येत नाही आणि बारीक अक्षरं झिजतात ती वेगळीच.

स्पेलिंग चुकलेलं नाही हो, तेव्हा तसंच लिहायचे! १९२२ च्या सैन्याच्या फेररचनेत मराठा रेजिमेंटचं नाव फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री झालं ते याच स्पेलिंगने, उलट आजचं स्पेलिंग आणि ब्रिटिश मुकुट एकत्र दिसले असते तर मला शंका आली असती. बिगुल ही लाइट इन्फन्ट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची खूण, पांगून लढणाऱ्या शिपायांना हुकूम बिगुलावर मिळायचे म्हणून.

चांदण्या म्हणजे स्टार नावाची युद्धपदकं, त्यांची नावं त्यांच्यावरच असतात, मधल्या गोलाभोवती वाचा. आत मुकुटाखाली जी आर आय आणि रोमन सहा दिसेल, ते युनिटचं नाव नाही, सहावा जॉर्ज राजा आणि सम्राट असा त्याचा अर्थ. तुमच्या फोटोत एक १९३९-४५ स्टार आहे आणि दुसरा आफ्रिका स्टार, त्याची फीत वाळूच्या रंगाची आणि मधे जाड लाल पट्टा. सिंहाचं म्हणाल तर ते वॉर मेडल, सिंहाच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन दिसतोय का बघा. युद्धकाळात २८ दिवस पूर्णवेळ नोकरी झाली की हे मिळायचं, त्यामुळे शौर्यपदक नाही, पण म्हणून आजोबा शूर नव्हते असंही नाही.

आता लाल गोळा. जपानच्या झेंड्यात लाल गोळा पांढऱ्यावर असतो, तुमचा काळ्यावर आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. काळ्यावर लाल गोळा ही पाचव्या इंडियन डिव्हिजनची, म्हणजे ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या एका मोठ्या तुकडीची खूण, बॉल ऑफ फायर म्हणायचे, खांद्याजवळ बाहीवर शिवायचे. कडेला टाक्यांची भोकं किंवा दोऱ्याचे तुकडे सापडले तर आजोबांच्याच शर्टावरचा असेल. वेगवेगळं बघितलं तर यातलं काहीच फार बोलत नाही, पण बिगुल, आफ्रिका स्टार आणि हा गोळा शेजारी ठेवले की बोट एकाच जागेकडे जातं, पूर्व आफ्रिकेत एरिट्रियातलं केरेन. तिथे १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरात बसलेल्या इटालियन फौजेशी लढाई झाली, २७ मार्चला केरेन पडलं, आणि या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची तिसरी बटालियन होती. म्हणजे समोर जपानी नाही, इटालियन! डिव्हिजन नंतर बर्मात गेली, पण डबीत बर्मा स्टार नाही, म्हणजे तेव्हा आजोबा बहुतेक तिच्याबरोबर नव्हते, अर्थात एखादं मेडल हरवलेलंही असू शकतं.

खात्री हवी असेल तर गोल मेडलची कड आणि चांदण्यांची मागची बाजू भिंगातून बघा. नंबर आणि नाव कोरलेलं असलं तर ते उतरवून बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, नुसत्या नावाने शोधणं अवघड, एकाच नावाचे ढीगभर शिपाई असायचे. घासलेली चांदणी सगळ्यात आधी तपासा, मागे काही कोरलेलं असलं तर अजून वाचता येतंय ना ते कळेल.