आकड्याकडे परतीची वाट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची अठ्ठेचाळीस सेकंदांची फाइल मिळाली. एका जलाशयाच्या पाणीपातळीच्या आणि पावसाच्या बारा वर्षांच्या मासिक नोंदी तू आवाजात उतरवल्यास. ज्यांनी त्या ऐकल्या त्यांनी ‘फार सुंदर’ म्हटले, पण पाणी केव्हा चढले आणि केव्हा आटले हे त्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. मग तुझ्या मार्गदर्शकांनी विचारले, ‘यापेक्षा आलेख काय वाईट होता?’ आता संगीत आणखी वाढवावे की हा नादच सोडून द्यावा, असे तू मला विचारतेस. दोन्हींपैकी काहीही करू नकोस.

फाइल मी डोळे मिटून तीनदा ऐकली आणि नंतर जे ऐकले ते कागदावर लिहिले. एकोणिसाव्या सेकंदाला आवाज एकदम भरून आला, म्हणून पाचव्या वर्षाच्या सातव्या-आठव्या महिन्यात मोठा पूर आला असावा, अशी नोंद मी केली. मग तुझा तक्ता उघडला. त्या महिन्यांत पातळी जवळजवळ स्थिर होती. मला जो पूर वाटला तो तू मागे लावलेल्या तालाच्या आवर्तनाचा होता. सम आली आणि मी तिला पाणी समजलो. तुझी चूक नेमकी इथे आहे. ऐकणाऱ्याला आवाजावरून आकड्याकडे परत येता आले पाहिजे. ही परतीची वाट नसेल, तर तू केलेले काम कितीही गोड असो, ते त्या जलाशयाविषयी काहीही सांगत नाही.

आता तपशिलात जातो, ते पाहा. पाणीपातळीचे आकडे तू स्वरसप्तकातल्या जवळच्या स्वरावर नेऊन बसवलेस, कारण मधले आवाज बेसूर वाटत होते. लगतच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्येत कमीत कमी सुमारे ६ टक्क्यांचे अंतर असते. मध्यम पट्टीत सरावलेला कान अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक ओळखतो. म्हणजे कान जे सहज टिपू शकला असता, ते तू त्याच्यापर्यंत पोहोचूच दिले नाहीस. तुझ्या फाइलमध्ये सेकंदाला तीन महिने सरकतात आणि तू आवाजाला दोन सेकंदांचा घुमारा दिला आहेस. म्हणजे प्रत्येक महिन्याचा आवाज पुढच्या सहा महिन्यांच्या अंगावर सांडतो. नवव्या वर्षी पातळी दोन महिन्यांत कोसळली आहे, ती या घुमाऱ्याखाली गाडली गेली.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि ती न कळणे हा तुझा दोष नव्हे. पातळी म्हणजे स्वराची उंची आणि पाऊस म्हणजे आवाजाचा जोर, असे तू ठरवलेस. कागदावर ही दोन परिमाणे वेगळी आहेत, कानात ती वेगळी राहत नाहीत. आपला कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो आणि खाली, १०० हर्ट्झच्या आसपास, तेवढ्याच ऊर्जेचा आवाज त्याला पुष्कळ मंद वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवले आहे. त्यामुळे तुझ्या जलाशयाची पातळी उतरली की पाऊसही कमी झाल्यासारखा ऐकू येतो, जरी तो तेवढाच पडलेला असला तरी. यावर एक तर प्रत्येक कंपनसंख्येला जोराची भरपाई दे, नाहीतर पाऊस वेगळ्या आवाजावर ने. टिकटिक चालेल, तिच्या गतीने पाऊस सांग. हान्स गायगर आणि वाल्टर म्यूलर यांनी १९२८ मध्ये घडवलेल्या, किरणोत्सार मोजणाऱ्या गणकाची टकटक अजून वापरात आहे, कारण एक टकटक म्हणजे एक मोजणी. किरणोत्साराचा स्रोत शोधणाऱ्याचे डोळे आणि हात कामात असतात, आणि टकटक दाट झाली की तो योग्य दिशेने जातो आहे हे त्याला कळते. तिथे कोणी सूर जुळवत बसले नाही.

शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर तू पाहिले असशील. त्याच्या बीपचा वेग म्हणजे नाडी आणि बीपचा स्वर म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण. भूलतज्ज्ञ रुग्णाकडे पाहत असतानाच स्वर उतरलेला ऐकतो आणि वळतो. मात्र सगळ्या यंत्रांत हे स्वर सारखे नसतात, म्हणून यंत्र बदलले की कान पुन्हा लावावा लागतो. यासाठीच तुला सांगतो, कोणता स्वर म्हणजे किती पाणी हे सुरुवातीलाच ऐकव. सर्वांत कमी पातळीचा स्वर, सर्वांत जास्त पातळीचा स्वर, मध्ये थोडी शांतता, मग नोंदी. आलेखाला अक्षरेषा लागते, तर आवाजाला का लागू नये?

आलेख काय वाईट होता, या प्रश्नाने तू इतकी खचावीस याचे मला वाईट वाटते, आणि थोडा रागही येतो. आलेख वाईट नाहीच. परंतु १९६१ मध्ये शेरिडन स्पीथ या संशोधकांनी भूकंपमापकाच्या नोंदी वेग वाढवून लोकांना ऐकवल्या, तेव्हा नैसर्गिक भूकंप कोणता आणि स्फोट कोणता हे ऐकणाऱ्यांना बहुतेक वेळा ओळखता आले; कागदावरच्या रेघोट्यांत तो भेद काढणे अवघड जात होते. वेग वाढवण्याचे मला एवढे कौतुक का, तर त्यात परतीची वाट आपोआप राहते: सगळे एकाच संख्येने गुणलेले असते, त्याच संख्येने भागले की मूळ नोंद हाती येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या वेधशाळेने टिपलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच बसलेला हेलकावा, आवाज नव्हती, पण तिची कंपनसंख्या मुळातच कानाच्या टप्प्यात होती. सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत, सेकंदाच्या पाचव्या भागात चढत गेलेला तो स्वर किती वेगाने चढला यावरूनच एकमेकांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांच्या वस्तुमानाचा हिशोब मांडता येतो. चढण हीच माहिती आहे. तिच्यामागे कोणी व्हायोलिन लावले असते तर तुला कसे वाटले असते?

हे मी इतक्या हट्टाने सांगतो, कारण मी स्वतः ते केले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनासाठी मी तापमानाच्या नोंदींचा उठावाचा आलेख केला होता, बोटांनी वाचण्यासाठी. आयोजकांना तो हाताला खरखरीत वाटला. मी रेषा घासून मऊ केली, दोन खाचा बुजवल्या आणि ज्या वर्षांच्या नोंदीच नव्हत्या तिथे सपाट पृष्ठभाग सोडला. एक अंध गृहस्थ आले. त्यांचे बोट डावीकडून सावकाश सरकत त्या सपाट जागेवर थांबले, मागे गेले, पुन्हा तिथेच आले. ‘इथे तापमान शून्य होते, की मोजलेच नव्हते?’ असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर होते, पण ते त्या आलेखात नव्हते. डोळस माणसाने बाजूची तळटीप वाचली असती. त्यांच्यासाठी मी वाट बंद करून ठेवली होती, आणि तीही त्यांच्याच सोयीच्या नावाखाली. नोंद नसणे आणि नोंद शून्य असणे यांना तेव्हापासून मी कधीही एकच स्पर्श किंवा एकच शांतता दिलेली नाही. तुझ्या फाइलमध्येही चार महिने मुके आहेत. ते काय आहेत?

त्यानंतर एका मोठ्या कामात पार्श्वसंगीत घालायला मी नकार दिला आणि ते काम दुसऱ्याकडे गेले. मी अडेल आहे असे तेव्हा म्हटले गेले, आजही म्हटले जाते. ते संगीत घातले असते तर पुढची अनेक कामे मिळाली असती, हे मला ठाऊक आहे. तरी मी पुन्हा तेच करीन. दृष्टी गेल्यानंतर वाँडा दियाझ-मर्सेड यांनी खगोलशास्त्र सोडले नाही, त्या आकडेवारी ऐकून संशोधन करू लागल्या. त्यांना मैफल नको होती, काम करायचे होते. अशा माणसाच्या कानाशी आपण बोलत असतो, तेव्हा आपल्या आवडीनिवडीला तिथे किती जागा असावी, याचे उत्तर माझ्यापुरते ठरलेले आहे. लोकांना आवडेल का, हा प्रश्न मला पुन्हा विचारू नकोस. त्यांना सांगता येईल का, हे विचार.

ताल काढ, घुमारा काढ, स्वर सप्तकातून मोकळे कर, मुक्या महिन्यांना स्वतःचा एक आवाज दे. सेकंदाला तीन महिने ठेवलेस तरी चालेल, कान तेवढे सहज पेलतो. नवी फाइल मला पाठव, तक्ता मात्र पाठवू नकोस. जमल्यास काही आकडे माझ्या नकळत बदल. नवव्या वर्षी पातळी कोणत्या महिन्यात कोसळली आणि साधारण किती कोसळली, हे मी केवळ ऐकून लिहून पाठवीन. ते तू तुझ्या तक्त्याशी ताडून पाहा आणि मी किती महिन्यांनी आणि किती मीटरने चुकलो, ते मला कळव.

तुझा,
एक जुना ऐकणारा