वाचकांचे प्रश्न : स्कूबासाठी राखीव रेग्युलेटर कोणता घ्यावा?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नेरूळला राहतो. दोघांचेही स्कूबा डायव्हिंगचे पुढच्या टप्प्याचे प्रशिक्षण झाले असून हिवाळ्यात आम्ही मालवण आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जातो. आजवर सगळे साहित्य भाड्याने घेत होतो. आता रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने तोंडात पोचवणारे साधन, स्वतःचे घेतले आहेत. आणीबाणीचा राखीव रेग्युलेटर, म्हणजे ऑक्टोपस, तेवढा राहिला आहे. विक्रेता म्हणतो की तो क्वचितच लागतो, त्यामुळे सर्वांत स्वस्त घेतला तरी चालेल, ‘स्टेपनीच ती.’ एका मित्राने मात्र ऑक्टोपसऐवजी हातात मावणारा छोटा हवेचा सिलेंडर घ्यायला सांगितले आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : स्टेपनी आपल्याच गाडीला लागते. ऑक्टोपस मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तोंडात जातो आणि तोही अशा माणसाच्या, ज्याच्याजवळची हवा नुकतीच संपली आहे, जो घाबरलेला आहे आणि नेहमीच्या दुप्पट वेगाने धापा टाकतो आहे. आपल्या बाबतीत तो माणूस म्हणजे आपला जोडीदार. क्वचित लागतो हे विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे. पण ज्या वेळी लागतो त्या वेळी त्याच्यावर मुख्य रेग्युलेटरपेक्षाही अधिक ताण येतो, म्हणून श्वास ओढायला जड जाणारा स्वस्त ऑक्टोपस ही या साहित्यातली सर्वांत चुकीची काटकसर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑक्टोपसकडे पाहण्याआधी आपण घेतलेल्या रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलेंडरच्या तोंडावर बसणारा भाग, पाहा. सिलेंडरमधला सुमारे २०० बारचा दाब ही फर्स्ट स्टेज भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार इतकाच अधिक राहील असा खाली आणते आणि पुढे सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, तो श्वास घेण्याजोगा करते. ऑक्टोपस ही त्याच फर्स्ट स्टेजला जोडलेली आणखी एक सेकंड स्टेज असल्यामुळे दोघांची हवा एकाच दारातून येते. ३० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते. तिथे दोघे जण एकदम जोरात श्वास घेऊ लागले आणि सिलेंडर निम्म्याखाली आलेला असला, तर साध्या, अनबॅलन्स्ड (सिलेंडरमधला दाब उतरला की श्वास जड करणाऱ्या) फर्स्ट स्टेजचा कस लागतो. आपली फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड असेल तर काळजी बरीच कमी. युरोपीय मानक ईएन २५० च्या २०१४ च्या आवृत्तीनुसार दोघांच्या एकत्रित वापरासाठी तपासलेल्या साहित्यावर ‘ईएन २५० ए’ अशी खूण असते. शेवटचे ‘ए’ अक्षर आहे की नाही, ते दुकानातच पाहून घ्यावे. शक्यतो ऑक्टोपस त्याच कंपनीचा, निर्मात्याने त्या फर्स्ट स्टेजसाठी सुचवलेला घ्यावा. सर्व्हिसिंगही एकाच ठिकाणी होते.

श्वास हलका लागला पाहिजे हे खरे असले, तरी फार हलक्या सेकंड स्टेजचा एक उपद्रव असतो. ती तोंडात नसताना माउथपीस वर झाले किंवा उडी मारताना पाणी आदळले की हवा आपोआप भसाभस बाहेर पडू लागते आणि दाबमापकाचा काटा पाहता पाहता खाली येतो. त्यामुळे ऑक्टोपस मुख्य सेकंड स्टेजपेक्षा किंचित कडक लावण्याची पद्धत आहे. किंचितच. हवेचा झोत कमी-जास्त करणारी कळ असलेले मॉडेल मिळाले तर उत्तम. दुसऱ्याच्या हाती देताना ती कळ कोणत्या बाजूला हवी, हे मात्र दोघांनाही पाठ असावे.

गडबडीत ऑक्टोपस उलटा तोंडात जाणे नेहमीचे आहे. नेहमीच्या घडणीत उच्छ्वासाची झडप खाली असते. उलटे धरले की ती वर येते आणि पहिल्याच श्वासाला घोटभर पाणी घशात जाते. दोन्ही बाजूंनी चालणारी, बाजूला झडप असलेली मॉडेल्स मिळतात आणि त्यांच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत. नळी सुमारे एक मीटरची आणि पिवळ्या रंगाची असावी. ऑक्टोपस हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्या मधल्या भागात, एका झटक्यात सुटेल अशा पकडीत अडकवावा. मागे लोंबकळणारा ऑक्टोपस मालवणच्या वाळूत घासत जातो आणि लागतो तेव्हा त्यातून वाळू येते.

आता मित्राच्या सूचनेविषयी. ऑक्टोपस आपल्याच सिलेंडरवर चालतो, त्यामुळे आपली हवा संपली किंवा फर्स्ट स्टेज बंद पडली तर आपलाच ऑक्टोपस आपल्याला उपयोगी पडत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. उपाय मात्र अपुरा आहे. हातात मावणाऱ्या ३ घनफुटांच्या सिलेंडरमध्ये जेमतेम ८५ लिटर हवा असते. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा घेतो असे धरले, तर १८ मीटरवर, जिथे दाब २.८ बार असतो, ती एका मिनिटात संपते. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर यायला दोन मिनिटे आणि सुमारे ११४ लिटर हवा लागते; ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे म्हटले तर आणखी १३५ लिटर. या हिशेबात २०० बारने भरलेला ३ लिटरचा पोनी सिलेंडर (स्वतःचा रेग्युलेटर असलेला छोटा जादा सिलेंडर), म्हणजे ६०० लिटर हवा, सहज बसतो. तो ऑक्टोपसच्या जोडीला घ्यावा, त्याऐवजी नव्हे. आणि आपण दोघे एकमेकांपासून हाताच्या अंतरावर राहून डाइव्ह करत असाल तर तूर्त त्याचीही निकड नाही. शिवाय भरलेला सिलेंडर विमानातून नेता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरमध्येच बसवलेला राखीव रेग्युलेटरही मिळतो. एक नळी वाचते. पण त्यात आपल्या तोंडातला मुख्य रेग्युलेटर जोडीदाराला देऊन स्वतः इन्फ्लेटरमधून श्वास घ्यावा लागतो. दोघांनीही सराव केल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरेदी झाल्यावर पाण्यात उतरण्याआधी दर वेळी एक चाचणी करावी : एकाने मुख्य आणि दुसऱ्याने राखीव सेकंड स्टेजमधून एकाच वेळी जोरात श्वास घ्यावा आणि दाबमापकाच्या काट्याकडे पाहावे. श्वासागणिक काटा खाली-वर होत असेल, तर सिलेंडरची झडप पुरती उघडलेली नाही किंवा फर्स्ट स्टेजची गाळणी तुंबली आहे, असे समजावे आणि दुरुस्त होईपर्यंत उतरू नये.

प्रश्न : पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते. चार महिने पिशवीत ठेवलेल्या ऑक्टोपसच्या माउथपीसला बुरशी येते. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बंद पिशवीत ठेवूच नये. शेवटच्या डाइव्हनंतर फर्स्ट स्टेजचे झाकण कोरडे करून घट्ट बसवावे, साहित्य गोड्या पाण्यात भिजत ठेवावे आणि त्या वेळी सेकंड स्टेजवरचे, हवा सोडणारे पर्ज बटण दाबू नये, कारण दाब नसताना ते दाबले की पाणी नळीत शिरते. मग सावलीत वाळवून, नळ्या न मुडपता, हवेशीर कपाटात ठेवावे. बुरशी धरलेले माउथपीस बदलून टाकावे. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेले असते आणि बदलताना पट्टीही नवी घालावी. सर्व्हिसिंगची मुदत निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पाळताना मुख्य रेग्युलेटरबरोबर ऑक्टोपसही द्यावा. ‘वापरलाच नाही’ म्हणून तो घरी ठेवणारे पुष्कळ आहेत, पण रबराच्या चकत्या न वापरताही कडक होतात.