शिफ्टचं कॅलेंडर नीट लावताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : भोसरीतल्या आमच्या मशीनशॉपमध्ये ६ ते २, २ ते १०, १० ते ६ अशा तीन शिफ्ट चालतात. ब्रेकडाऊन शिफ्टला जेमतेम पाऊण तास, तरी मशीनच्या वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ॲव्हेलेबिलिटी (ठरलेल्या वेळेपैकी मशीन प्रत्यक्ष किती टक्के वेळ चाललं) ८२-८३ टक्क्यांवर अडकते. ‘नियोजित बंद’मध्ये नक्की काय टाकायचं?

उत्तर : बहुधा जेवण आणि चहाच्या वेळा टाकायच्या राहिल्यात. शिफ्टची ४८० मिनिटं. त्यातून जेवणाची ३० आणि चहाची १० वजा केली की ४४० उरतात. ब्रेकडाऊन ४४ मिनिटं धरला तर मशीन ३९६ मिनिटं चाललं, म्हणजे ९० टक्के. जेवण-चहाच्या या सुट्ट्या टाकल्या नाहीत तर तेच ३९६ चारशे ऐंशीने भागले जातात आणि ८२.५ येतात.

आता काय टाकायचं? या वेळात या मशीनकडून माल नको, असं प्लॅनमध्ये आधीच लिहिलेलं असेल तेवढंच. जेवण, चहा, तुमची गुरुवारची सुट्टी, ऑर्डर नसल्याने बंद ठेवलेलं मशीन, तारीख ठरवलेलं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (बिघाड होण्याआधीच केलेली देखभाल). मेंटेनन्सला ६० मिनिटं दिली आणि ९५ लागली, तर वरची ३५ तोट्यातच दिसली पाहिजेत. म्हणून नियोजित वेळ संपली की नोंद आपोआप बंद होईल असं सेटिंग ठेवा.

जॉब बदलतानाचं सेटिंग, टूल बदलणं, पहिल्या पीसच्या तपासणीसाठी थांबणं मात्र इथे टाकू नका, कितीही आग्रह झाला तरी. टीपीएमचे (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल करण्याची पद्धत) जनक सेइची नाकाजिमा यांनी सेटिंग आणि ॲडजस्टमेंटला मशीनच्या सहा मोठ्या तोट्यांत धरलं आहे. ते नियोजित बंदमध्ये लपवलं तर उद्या तुमच्या माणसांनी ५० मिनिटांचं सेटिंग २० वर आणलं तरी ॲव्हेलेबिलिटी जागची हलणार नाही. त्यांच्या मेहनतीवर हा अन्याय आहे.

डबा खायला दोन तुकड्या जात असतील तर सुट्टी प्लांटला न लावता लाइनला किंवा मशीनला लावा. जेवणाच्या वेळी रिलिव्हर (बदली माणूस) मशीन चालवत असेल, तर त्या मशीनला ती सुट्टी लावूच नका. नाहीतर पीस मोजले जातात, वेळ मोजला जात नाही आणि परफॉर्मन्स (ठरलेल्या वेगाच्या तुलनेत मशीनचा प्रत्यक्ष वेग) १०० टक्क्यांच्या वर जातो. तसं दिसलं की आधी सुट्ट्या तपासा, मग सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ).

प्रश्न : रात्रपाळीचं उत्पादन दोन तारखांत विभागलं जातं. शिफ्ट तोडून १० ते १२ आणि १२ ते ६ अशी टाकावी का?

उत्तर : तोडू नका, ऑपरेटरची आकडेवारीही तुटेल. उत्पादनाचा दिवस सकाळी ६ ला सुरू होतो असं सेटिंग करा आणि शिफ्टच्या शेवटाला ‘दुसरा दिवस’ निवडा. १९४८ च्या कारखाना अधिनियमातल्या कलम ५७ नेही मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरले होते. साप्ताहिक सुट्टीही गुरुवारी ६ ते शुक्रवारी ६ अशी हवी. ती मध्यरात्री सुरू केली तर बुधवारच्या रात्रपाळीचे शेवटचे सहा तास सुट्टीत जातात. सगळंच साडेपाच तासांनी सरकलेलं दिसत असेल, तर सर्व्हरचा टाइम झोन भारतीय वेळेवर आणा.

प्रश्न : शिफ्टच्या वेळा बदलायच्या आहेत. जुनीच शिफ्ट एडिट करू का?

उत्तर : नको. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याने मागचे रिपोर्टही नव्या वेळांनी पुन्हा मोजले जातात. नवं कॅलेंडर करा, लागू होण्याची तारीख टाका आणि बदल साप्ताहिक सुट्टी संपते तिथून सुरू करा, म्हणजे कुठलीही शिफ्ट अर्धवट राहणार नाही.