बारावीनंतर राज्यशास्त्र, मानसशास्त्र की बालविकास : पदवीसाठी कोणता विषय घ्यावा?

आपण विचारले आहे की, बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर या तीन विषयांपैकी कशात पदवी घ्यावी याचा निर्णय होत नाही आणि घरच्यांचा आग्रह मात्र ‘नोकरी लागेल असा’ विषय घेण्याचा आहे. मी स्वतः मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे उघड आहे. तरीही विषयाआधी महाविद्यालय पाहावे असेच मी सुचवीन, कारण हे तीन विषय शिकवण्यासाठी लागणारी व्यवस्था सारखी नसते.

राज्यशास्त्राला बरे ग्रंथालय आणि नेटाने वाचणारा विद्यार्थी एवढे पुरते, म्हणून तालुक्याच्या महाविद्यालयातही तो उत्तम होऊ शकतो. पंचायत राजची 73वी घटनादुरुस्ती अभ्यासताना आपल्याच गावच्या ग्रामसभेला जाऊन बसावे. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) कसा भरतो आणि महिला सरपंचांऐवजी कोण बोलते, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे. मानसशास्त्रही आहे, हे मात्र घरी सहसा कोणी सांगत नाही.

मानसशास्त्राचे तसे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा प्रयोगाचा विषय आहे. आमच्याकडे विद्यार्थी आरशातले प्रतिबिंब पाहत चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवतात. पहिल्या फेरीत हात हटकून उलट दिशेला जातो, पुढच्या फेऱ्यांमध्ये वेळ आणि चुका कमी होत जातात, आणि त्या आकड्यांचा आलेख काढताना अध्ययन म्हणजे काय ते उमगते. जिथे ही साधने कपाटात कुलूपबंद असतात आणि जर्नल मागच्या वर्षीचे पाहून उतरवले जाते, तिथे हा विषय मुख्य म्हणून घेण्यात अर्थ नाही. संख्याशास्त्र टाळता येणार नाही, हेही आधीच समजून घ्यावे. शिवाय केवळ बी.ए. करून चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर काम करणारा तज्ज्ञ) होता येत नाही; त्यासाठी पुढील विहित शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. दूरस्थ पद्धतीने हा विषय करण्याचा विचार असेल तर तो सोडावा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून त्या पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश थांबवले आहेत.

बालविकास बहुधा गृहविज्ञानाच्या छत्राखाली ‘मानव विकास’ या नावाने शिकवला जातो आणि एस.एन.डी.टी. विद्यापीठाची त्यात जुनी परंपरा आहे. लोक याला बालवाडीच्या बाईंचा कोर्स म्हणून हिणवतात, याचा मला राग येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन जे उभे केले, ते देशाच्या बालशिक्षणाला दिशा देणारे काम होते. या अभ्यासक्रमाचा कस निरीक्षण-नोंदीत लागतो. ‘मूल हट्टी आहे’ असे लिहिले तर शिक्षिका ते खोडतात. ‘ठोकळा काढून घेतल्यावर ती दोनदा ओरडली, मग टेबलाखाली जाऊन बसली’ असे लिहावे लागते. त्यामुळे महाविद्यालयाशी जोडलेली बालवाडी आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानल्यामुळे या विषयाचे महत्त्व वाढले आहे, पण खासगी बालवाड्यांतील पगार अद्याप तुटपुंजे आहेत, हे घरी झाकून ठेवू नये. पदवीनंतर अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका (पर्यवेक्षिका) पदाच्या भरतीकडे लक्ष ठेवावे.

आपल्या गावाजवळ प्रयोगशाळा किंवा बालवाडी असलेले महाविद्यालय नसेल आणि बाहेर राहणे परवडणार नसेल, तर राज्यशास्त्र मुख्य आणि मानसशास्त्र गौण विषय म्हणून घेणे मला व्यवहार्य वाटते. मात्र पुढे मानसशास्त्रात एम.ए. करण्याची इच्छा असल्यास, त्या विद्यापीठाला पदवीला मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून लागतो का, हे यंदाच्या माहितीपत्रकात पाहूनच प्रवेश अर्ज भरावा.