कुणासाठी थांबतेस?

अगं,

तुझ्या पॉडकास्टच्या नव्या भागाची फाइल दोनदा ऐकली. एकदा चालता चालता, आणि एकदा हेडफोन लावून, कागद-पेन घेऊन. पाहुण्या बाई जीव ओतून बोलतात. तू मात्र दर दीड-दोन मिनिटांनी त्यांना बाजूला सारून श्रोत्यांना काहीतरी समजावून सांगतेस. त्यांच्या सणाचं नाव आलं, थांबलीस. आजीला त्या काय हाक मारायच्या ते आलं, थांबलीस. एका ठिकाणी तर त्या नुसत्या हसल्या आणि तू त्या हसण्याचाही अर्थ सांगितलास! मला एवढंच विचारायचंय: कुणासाठी थांबतेस?

तू ज्या अमेरिकी पॉडकास्टचं बघून हे काम करायला घेतलंस, त्यांनाही हा प्रश्न पडला होता. एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओचं, वंश आणि ओळख यांवर बोलणारं ‘कोड स्विच’ पॉडकास्ट म्हणून २०१६ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यांनी एक अख्खा भाग यावर केला. त्यांचा शब्द गमतीदार आहे, ‘एक्स्प्लनेटरी कॉमा’. आपण खुलाशाचा स्वल्पविराम म्हणू. नाव आलं की स्वल्पविराम, मग ‘म्हणजे अमुकतमुक’, की पुन्हा स्वल्पविराम. दिसायला सौजन्य. पण हे सौजन्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. गोऱ्या घरातल्या गोष्टी खुलाशाशिवाय पुढे सरकतात, सगळ्यांना ठाऊक असणारच म्हणून. कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो घरातली गोष्ट आली की लगेच स्वल्पविराम. त्या घरातली मुलगी ऐकत असेल तर तिला वाटतं, हे माझ्यादेखत दुसऱ्याच कुणाला माझी माहिती देतायत.

सगळे खुलासे काढून टाक असं मी म्हणत नाही. मी लावते ती कसोटी सांगते. बाई हेच त्यांच्या भाचीला सांगत असत्या तर इथे थांबल्या असत्या का? नसत्या, तर तूही थांबू नकोस. श्रोता इतका बिचारा नसतो. संदर्भाने कळतं, आणि एखादा शब्द नाहीच कळला तरी तो पुढे ऐकत राहतो.

आता आवाज. तुझ्या निवेदनात एक बाई बोलते, ती तू नव्हेस. ती कुठून आली मला माहीत आहे, कारण माझ्याकडेही होती. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी माइक चालू झाला की बातम्या वाचणाऱ्यांसारखी बोलायचे. घरी परतले की पुन्हा माझी मी. चेंजेराय कुमान्यिका या कृष्णवर्णीय प्राध्यापकाने २०१५ साली यावर लिहिलं. रेडिओसाठी स्वतःच लिहिलेलं निवेदन मोठ्याने वाचताना त्याच्या लक्षात आलं, की मनात ते दुसऱ्याच कुणाच्या आवाजात ऐकू येतंय. सार्वजनिक रेडिओचा तो ठरलेला, गोरा समजला जाणारा आवाज. त्या लेखावर बरीच चर्चा झाली. दोन वर्षांनी हाच कुमान्यिका ‘सीइंग व्हाइट’ या चौदा भागांच्या मालिकेत जॉन बीवनसोबत बोलताना ऐकू येतो. बीवन स्वतः गोरा. त्याने माइक उलटा फिरवला आणि ‘गोरेपणा’ नावाची गोष्ट कुणी, कधी, कशाला तयार केली ते विचारलं. एरवी ज्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, त्यांचीच ओळख विचारली. मधूनमधून कुमान्यिका त्याला चिमटे काढतो, ते तर जरूर ऐक.

याच मालिकेत भगतसिंग थिंद यांच्यावर एक भाग आहे. तू तो घाईत ऐकलास अशी मला शंका आहे, म्हणून जरा सविस्तर. १७९० च्या कायद्याने परदेशातून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळे. पुढे १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना दार उघडलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक गट), आणि तू कॉकेशियन नाहीस. मग फेब्रुवारी १९२३ मध्ये थिंद यांचा निकाल लागला. ते शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांची बाजू अशी की तेव्हाच्या शास्त्रानुसार आम्ही कॉकेशियनच. न्यायालय म्हणालं, शास्त्राचं राहू दे. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. तीन महिन्यांत माप बदललं, आणि दोन्ही निकालपत्रं एकाच न्यायमूर्तींची, जॉर्ज सदरलँड यांची!

हा ‘सामान्य माणूस’ कोण? त्याला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं. तो न्यायमूर्तींच्या डोक्यात बसलेला. तुझ्याही डोक्यात एक बसलाय, त्याच्यासाठीच तू थांबतेस.

आणि थिंद यांना नुसतं बिचारं करू नकोस. आम्ही उच्च जातीचे, खालच्यांत सोयरीक करत नाही, हाही त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. गोरेपणाच्या दारात जातीचा दाखला! असं काही हाती लागलं की आपल्याला ते झाकावंसं वाटतं, पाहुण्याची प्रतिमा बिघडेल म्हणून. झाकू नकोस. तुझ्या पाहुण्या बाई तेविसाव्या मिनिटाला शेजाऱ्यांच्या जमातीबद्दल जे बोलू लागल्या, ते तू कापलंयस. जोड उघड ऐकू येतो.

स्वतःबद्दलही तेच. रेबेका नेगल चेरोकी आहे, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची. तिची ‘धिस लँड’ ही मालिका २०१९ ची, ओक्लाहोमातल्या एका खुनाच्या खटल्यातून जमीन कुणाची इथवर जाणारी. तिच्या पूर्वजांनी १८३५ च्या न्यू एकोटा करारावर सह्या केल्या होत्या. त्याच करारामुळे चेरोकींना घरदार सोडून पश्चिमेला जावं लागलं. ही लपवण्यासारखी गोष्ट. ती तिने गोष्टीतच आणली. पुढे जुलै २०२० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा ५-४ असा निकाल लागला, की ओक्लाहोमातल्या मस्कोगी क्रीक या आणखी एका मूळ जमातीची राखीव जमीन कधी रद्द झालीच नव्हती. तुझं या विषयात काय अडकलंय, ते अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.

किरकोळ: नाव पाहुण्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घे, तू दोनदा चुकलीस. ‘तुमच्या समाजाला काय वाटतं’ हा प्रश्न काढ. त्या एकट्या आल्या होत्या. संगीत कमी.

आता न कापलेली पहिली वीस मिनिटं पाठव. सोबत तू थांबलीस त्या जागांची यादी. कुणासाठी थांबलीस ते लिहू नकोस, मी ऐकून ओळखते का बघू.

तुझी,
ताई