वाचकांचे प्रश्न : कूर्चेच्या खड्ड्यात जेल

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा, फुटबॉल खेळतो. एमआरआयमध्ये गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावरची अडीच चौरस सेंटिमीटर कूर्चा (सांध्यातला गुळगुळीत, गादीसारखा थर) निघालेली दिसली. डॉक्टर दुर्बिणीतून हाडाला भोके पाडून वर जेल भरायचे म्हणतात. नुसती भोके पुरणार नाहीत का? (वाचक, मडगाव)

उत्तर : कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची जखम आपोआप भरत नाही. हाडाला 3-4 मिलिमीटर अंतरावर भोके पाडली की मज्जेतले रक्त आणि मूळपेशी वर येतात. पण रक्ताची गुठळी आकसते, कडेपासून सुटते आणि शेवटी मूळ कूर्चेहून कमी टिकणारी तंतुमय ऊती तयार होते. तुमच्या मुलाच्या खड्ड्याएवढ्या जागेत ही उणीव जास्त भोवते. जेल गुठळीला आकसू न देता धरून ठेवते. ते स्वतः कूर्चा नव्हे. ऊती पेशींनाच घडवायची असते.

खरे कौशल्य खड्डा तयार करण्यात आहे. सैल कूर्चा खरवडून कडा उभ्या आणि घट्ट कराव्या लागतात, कारण उतरत्या कडांवर जेल टिकत नाही. तळाचा कॅल्शियमयुक्त थर काढायचा, पण खालचे हाड फोडायचे नाही. जागा ओली राहिली तर जेल चिकटत नाही, म्हणून सांध्यातले सलाईन आधी काढून घेतात. जेल काठाच्या वर आले की गुडघा वाकताना घासून निघते; काठोकाठ किंवा किंचित खालीच भरावे.

पायाचा अक्ष सरळ आहे का, लिगामेंट (हाडांना बांधणारे बंध) आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादीसारखी चकती) शाबूत आहेत का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारा. त्यात दोष राहिला तर नव्या ऊतीवरही तोच चुकीचा भार पडतो. जेल कशाचे आहे, हेही विचारा. काही जेल कायटोसानचे असते आणि ते कवचधारी जलचरांच्या कवचापासून काढतात. सुंगटे-कुर्ल्या खाल्ल्यावर मुलाच्या अंगावर पित्त उठत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

नंतर साधारण 6 आठवडे कुबड्या, गुडघा वाकवण्याचा व्यायाम मात्र लवकर सुरू. मैदान बहुधा 9 ते 12 महिन्यांनी. यंदाचा मोसम गेला, हे त्याला आत्ताच सांगा. घाईने उतरलेले खेळाडू पुन्हा त्याच टेबलावर येतात.

प्रश्न : वय 67, दोन्ही गुडघे झिजले आहेत. मला सुचवलेले जेलचे इंजेक्शन हेच का? (वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. ते हायलुरॉनिक आम्लाचे वंगण. काहींना त्याने काही महिने थोडा आराम पडतो, पण कूर्चा वाढत नाही. भरायच्या जेलला भोवती निरोगी कूर्चेचा काठ लागतो, तो सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यात नसतो. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन उतरवा.

प्रश्न : प्रयोगशाळेत अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाचे) जेल बनवते. कॅल्शियम क्लोराइडमध्ये ते बाहेरून कडक, आतून पातळ राहते आणि फॉस्फेट सलाईनमध्ये विरघळते. हणजूणच्या खडकांवरच्या सारगॅसम या शेवाळाचे अल्जिनेट चालेल का? (फार्मसीची विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : कॅल्शियम भिडताक्षणी बाहेरची साल घट्ट होते आणि आतली वाट अडते. कॅल्शियम हळूहळू सुटू द्या : 2 टक्के अल्जिनेटच्या 10 मिलिलिटर द्रावणात 30 मिलिग्रॅम बारीक कॅल्शियम कार्बोनेट एकजीव करा, मग 107 मिलिग्रॅम ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन (पाण्यात त्याचे हळूहळू आम्ल होते आणि कार्बोनेटमधले कॅल्शियम सुटते) ताजे विरघळवून घाला आणि लगेच साच्यात ओता. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते, म्हणून जेल कॅल्शियम असलेल्या हेपीस बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या, फॉस्फेट नसलेल्या द्रावणात) ठेवा. अल्जिनेट ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करू नका), साखळ्या तुटून जेल मऊ पडते. पातळ द्रावण 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. किनाऱ्यावरच्या शेवाळाचे अल्जिनेट सरावाला वापरा. पेशींसाठी मात्र शुद्ध केलेलेच घ्या, कारण घरी काढलेल्यात फिनॉल आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विषारी अवशेष) राहून जातात.