पूल बांधण्यापूर्वी नदीच्या तळाचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण कशासाठी करायचे?

आपण विचारले आहे की पूर दर वर्षी नदीचा तळ ढवळून काढतो, मग असे सर्वेक्षण करून हाती काय लागणार? नेमके हेच मला काही वर्षांपूर्वी निमाडात ऐकावे लागले होते. तेव्हा मी इंदूरहून नर्मदेवरच्या एका पुलाच्या कामावर मोजणीसाठी जात असे.

वैशाखात पाणी उतरले होते. तराफ्यावरून एका खांबाच्या जागी बोअर घेताना केसिंग पाइप (बोअरची बाजू ढासळू नये म्हणून उतरवतात ती नळी) अडला, म्हणून केवटाने बुडी मारली आणि दोर बांधून एक घडीव काळा दगड वर काढला. त्याच्या एका टोकाच्या खाचेत शिसे ओतलेले होते आणि शिशात, शेजारचा दगड जोडणाऱ्या गंजलेल्या लोखंडी पट्टीचा तुकडा रुतलेला होता. शिशावर नख दाबले की ओरखडा उठत होता. कडा धारदार होत्या आणि छिन्नीचे टाके मोजता येत होते. पुराने दूरवरून लोटत आणलेला दगड असा राहत नाही, त्याच्या कडा झिजून गोल होतात. म्हणजे एखादा घाट तिथेच किंवा अगदी जवळ कोसळला असणार. जागेची खोली व अक्षांश-रेखांश नोंदवून दोन दिवस बोअर थांबवावा, अशी विनंती मी केली. वरिष्ठांनी ‘दगड तो दगड’ म्हणत तो भरावात टाकायला लावला आणि संध्याकाळी त्यावर मुरमाचा डंपर रिकामा झाला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सर्वेक्षण बोअरच्या आधी झाले पाहिजे. साइड स्कॅन सोनार ध्वनिलहरींनी तळाच्या पृष्ठभागाचे चित्र देतो, सब-बॉटम प्रोफायलर गाळाखालचे थर दाखवतो, मॅग्नेटोमीटर लोखंड हेरतो. दगड, तांबे किंवा लाकूड यांसाठी त्याचा भरवसा धरू नये. शेवटी पाणबुड्याला गढूळ पाण्यात हाताने चाचपावेच लागते. शिवाय नव्या खांबांभोवती प्रवाह तळ खरवडतो, त्यामुळे नुकसान पायापुरते राहत नाही. नर्मदाकाठच्या महेश्वरसमोर नावडातोली येथे १९५२-५३ आणि १९५७ ते १९५९ या काळातील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. अशा काठांलगतचा तळ रिकामाच असेल, असे गृहीत धरणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहेत. पण जे अजून सापडलेलेच नाही, त्याला हे कवच मिळत नाही. १८७८चा निखात निधी कायदा मात्र जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगतो.

हेही मान्य करतो की उघड्या खडकाच्या, वेगवान पात्रात फारसे काही टिकत नाही आणि उथळ पाण्यात सोनारची चित्रे फसवी येतात. तिथे उन्हाळ्यात उघडे पडलेले पात्र पायी फिरून पाहिले तरी बरेच काम होते. आपण अशा कामावर असाल तर बोअरच्या नोंदवहीत ‘अडथळा’ एवढेच लिहू नका; अडथळा कशाचा, किती खोलीवर, कडा कशा, हे त्याच दिवशी लिहा आणि दगड हलवण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या.